वाट मोकळी करणारा वीर

शौर्य म्हटले की मराठी मनापुढे खिंड उभी राहते, बुरूज उभा राहतो आणि उपसलेली तलवार चमकते. शाहिरांनी ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांत भरली आहेत. त्यामुळेच की काय, ज्या वीराच्या पराक्रमाची साधने पहार, फावडे आणि सुरुंगाची दारू एवढीच होती, त्याची ओळख आपल्याला जरा उशिराने पटते. स्वतंत्र भारतात परमवीर चक्राचा मान जिवंतपणी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या वीरांत गणले जाणारे राम राघोबा राणे हे असे वीर होते. आजवर हे चक्र एकवीस जणांना मिळाले. त्यांतील चौदा जणांना ते मरणोत्तर अर्पण करावे लागले. उरलेल्या सातांना एक प्रश्न सोडवावा लागला, जो हुतात्म्यांना पडत नाही. तो म्हणजे, पराक्रमानंतर जगायचे कसे?

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिये या गावी झाला. समुद्र एका बाजूला आणि सह्याद्री दुसऱ्या बाजूला, अशा चिंचोळ्या पट्टीतला हा मुलूख. घरी कोकणी आणि व्यवहारात मराठी व कानडी अशा तीन भाषा येथे एकाच अंगणात नांदतात. कारवार त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्या होतील तशा मुलाच्या शाळा बदलत. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीने हा जिल्हा ढवळून निघाला. त्या वाऱ्याचा स्पर्श या मुलालाही झाला, आणि वडिलांनी बिऱ्हाड पुन्हा गावी आणले. दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, तोच मुलगा ब्रिटिश अंमलाखालील सैन्यात दाखल झाला. त्या काळच्या कितीतरी घरांत हा विरोधाभास होता. पोट, पुरुषार्थ आणि देशप्रेम यांचा हिशोब एका ओळीत मांडता येत नसे.

राणे ज्या दळात गेले ते इंजिनिअर दळ. आपल्या सैन्यात या दळाचे तीन जुने गट आहेत. बंगाल सॅपर्स रुडकीला, मद्रास सॅपर्स बंगळूरला आणि बाँबे सॅपर्स पुण्याजवळ खडकीला. सॅपरचे काम इतर सैन्याच्या आधी सुरू होते आणि नंतर संपते. पूल बांधणे आणि पूल उडवणे, वाट करणे आणि वाट बंद करणे, हा त्याचा धर्म. खडकीच्या शिक्षणात राणे आपल्या तुकडीतील सर्वोत्तम रिक्रूट ठरले. पुढे ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. आराकानमधून सैन्य माघार घेत असता बुथिदौंग येथे मागे राहून मौल्यवान साधने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून नष्ट करण्याचे काम ज्या तुकड्यांकडे सोपवले होते, त्यांत राणे होते. न्यायला यायचे जहाज काही त्यांना घेऊन जाऊ शकले नाही. जपानी पहाऱ्यातून वाट काढीत हे लोक आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. राणे हवालदार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट.

अधिकारी होऊन त्यांना चार महिनेही झाले नव्हते, तोच ती वेळ आली. काश्मीरवर हल्ला झाला होता. राजौरी शहर नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होते आणि तेथील रहिवाशांचे हाल कानांवर येत होते. १८ मार्च १९४८ रोजी झांगड परत मिळाल्यावर नौशेऱ्याहून राजौरीकडे कूच करण्याचे ठरले. पण रस्ता डोंगरातला, आणि शत्रूने त्यावर सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती, मोऱ्या उडवल्या होत्या. रणगाडा कितीही बलाढ्य असला तरी उडालेल्या मोरीपुढे तो हतबल असतो. तेथे हाताने काम करणारा माणूसच लागतो.

८ एप्रिलच्या सकाळी अकरा वाजता राणे आपल्या माणसांसह रणगाड्यांपाशी थांबले असता उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे जागीच ठार झाले. पाच जण जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम सुरू केले. दुपारी बरवालीची धार आपल्या हाती आली. आसपास शत्रू शिल्लक आहे हे ठाऊक असूनही रात्री दहापर्यंत ते रणगाड्यांसाठी बगलरस्ता खणत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा आरंभ. दुपारी तीनला बगलरस्ता तयार झाला आणि राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत चढले. अर्ध्या मैलावर चीड वृक्षांचा अडसर आला. तो त्यांनी दारूने उडवला. तीनशे यार्डांवर दुसरा. पुढे उडवलेली मोरी, तीही मशीनगनच्या माऱ्यात. तिला वळसा घालून वाट केली. सव्वासहाला, उजेड मावळताना, पाच मोठे वृक्ष आणि त्यांच्याभोवती सुरुंग असा अडथळा आला. राणे सुरुंग काढू लागले. अखेर पथकाच्या प्रमुखाने रात्रीपुरता मुक्काम करण्याचे ठरवले.

सुरुंग काढणे हे काम काय आहे, हे क्षणभर ध्यानात घ्यावे. रणगाड्यासाठी पुरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही. पण त्याच्या शेजारी माणसासाठी दुसरा पुरलेला असू शकतो. माती हळूहळू चाचपावी लागते, बोटांनी दूर करावी लागते. या कामात आवेश उपयोगी नाही. उलट आवेश हाच घात करतो. चढाई करणाऱ्याला रणघोषाची साथ असते. सुरुंग काढणाऱ्याला मात्र गोळ्यांच्या वर्षावातही सोनाराचा हात ठेवावा लागतो.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यापाशी परतले. साडेसहाला तो निघाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळलेल्या कडांची एक अखंड रांग; ती साडेदहाला मोकळी झाली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. ज्या मोगल सराईमुळे चिंगस प्रसिद्ध आहे तेथपर्यंत सैन्य आले होते. राणे यांनी येथे थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण रणगाड्यांच्या मागून धान्य, दारूगोळा आणि औषधे येणार होती, आणि त्या गाड्यांना रस्ताच हवा होता. म्हणून अन्न व विश्रांती यांवाचून ते रात्री नऊपर्यंत राबले. ११ एप्रिलला सकाळी सहापासून अकरापर्यंत काम करून चिंगसचा रस्ता त्यांनी खुला केला, आणि त्या रात्री दहापर्यंत पुढची वाट साफ केली. १२ एप्रिलला राजौरी मुक्त झाली.

हे चार दिवस सन्मानपत्रात तासांच्या हिशोबाने नोंदले आहेत. पुढच्या आयुष्याची अशी नोंद कोणी ठेवीत नाही. ३ फेब्रुवारी १९५५ रोजी राणे यांचा विवाह झाला; तीन मुलगे आणि एक मुलगी असा संसार फुलला. अठ्ठावीस वर्षे सेवा करून, पाच वेळा रणवृत्तांतात नाव येऊन, २५ जानेवारी १९६८ रोजी ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतरही १९७१ पर्यंत पुनर्नियुक्तीवर त्यांनी काम केले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते निवर्तले. चार दिवसांचा पराक्रम आणि एकोणचाळीस वर्षांचा संसार! इतिहासाच्या तराजूत पहिले पारडे जड असले, तरी घराच्या तराजूत दुसऱ्याचेच वजन अधिक. फौजी माणसाच्या बदल्या, पत्नीने एकटीने ओढलेले दिवस, मुलांच्या शाळा, पेन्शनीतला काटकसरीचा महिना, ही प्रत्येक सैनिकी घराची दुसरी आघाडी असते, आणि तिच्यासाठी कोणतेही चक्र नसते.

राणे यांच्या नावाचे एक तेलवाहू जहाज १९८४ मध्ये समुद्रावर उतरले. २००६ मध्ये कारवारच्या किनाऱ्यावर, युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी, त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव मिळाले. कर्नाटकाने त्यांना आपले म्हणावे, महाराष्ट्रानेही म्हणावे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. मात्र पुतळ्यापुढे हात जोडताना एवढे आठवावे की, या वीराने जिंकलेल्या भूमीवर निशाण रोवले नाही. त्याने मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी केली, आणि पुढचा पल्ला रणगाड्यांनी गाठल्यावरही तो रसदीच्या गाड्यांसाठी मागे राहिला. अशी माणसे प्रत्येक गावात, प्रत्येक घरात असतात. बहुधा त्यांची आठवण रस्ता बंद झाला म्हणजेच होते.