माहेरचं दार लावून घेऊ नका
(जिल्हा बैठकीत केलेलं भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज चार जण आहेत. मी घरातलं बोलणार आहे, आणि तेही माझ्याच घरातलं.

माझ्या थोरल्या भावाला दोन मुली. बारा एकर कोरडवाहू. पऱ्हाटी आणि ज्वारी. मोठीचं लग्न रीतीनं झालं. पाहुणे आले, पसंती झाली. हुंड्याला १९६१ पासून कायद्यानं बंदी, म्हणून त्याला 'मानपान' म्हटलं. बस्ता, मंडप, आंदण, वऱ्हाडाचं जेवण. कापसाचा चुकारा पुरला नाही, दोन एकर विकले. गावानं वाहवा केली. त्या दोन एकरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

धाकटी तालुक्याला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली. वय तेवीस. तिनं सांगितलं, लग्न करीन तर याच मुलाशी. मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, निर्व्यसनी, जात वेगळी. भावानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. वहिनी चुलीपाशी रडत बसली. भावकी जमली. "पोरीनं नाक कापलं. मोबाईल काढून घ्या, महिन्याभरात कुठंही उजवून टाका."

मलाही विचारलं. मी शिकलेला, सभा गाजवणारा. मी म्हणालो, "पोरीनं थोडं थांबावं." म्हणजे काहीच बोललो नाही.

रात्री ती मला म्हणाली, "काका, तुमी सभेत सांगता, शेतकऱ्याचा निर्णय दुसऱ्यानं घेऊ नये. मंग माहा निर्णय भावकीनं कायले घ्यावा?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मंडळी, ठरवून केलेलं लग्न वाईट, असं मी म्हणत नाही. माझं बघूनच झालं, सुखाचं झालं. प्रेमाची लग्नंही मोडतात. पण फरक बघा. ठरवलेलं लग्न बिघडलं तर पोरगी माहेरी येते, चार माणसं जाऊन सासरच्यांशी बोलतात. स्वतः केलेलं बिघडलं तर ती जाईल कुठं? दार आपणच लावून घेतलेलं असतं. आणि वर आपणच म्हणतो, "बघा, प्रेमाचं लग्न टिकत नाही."

आता कायद्याचं. मुलगी अठरा, मुलगा एकवीस वर्षांचा झाला की निर्णय त्यांचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. बाप नाराज आहे किंवा जात वेगळी आहे, ही हरकत तिथं चालत नाही. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीनं पडू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्कार हा २०१७ पासून गुन्हा आहे.

भावानं शेवटी अट घातली, "जायचं तर जा, पण हक्कसोडावर सही करून जा." मी तिला म्हणालो, सही करू नको. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू घरातल्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. तो जन्मानं मिळतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तो जात नाही. आणि एक विसरू नका: रीतीनं लग्न झालेल्या मोठीकडूनही सही घेतलीच होती. म्हणजे भांडण नुसतं जातीचं नव्हतं.

तिच्या लग्नाला तीन साक्षीदारांतला एक मी होतो. भाऊ आला नाही. वर्षभर माझ्याशीही बोलला नाही.

यंदा ज्वारी निघाली तेव्हा तो एक कट्टा माझ्या ओट्यावर टाकून गेला. म्हणाला, "तिकडे कोनी जात असन तर देजो." पोरीचं नाव घेतलं नाही. कट्टा मी दुसऱ्याच दिवशी पोचवला.

तुमच्या गावात असा प्रसंग येईल. आलाच असेल. भावकीत बसाल तेव्हा माझ्यासारखं गुळमुळीत बोलू नका. पोरीला आधी विचारा. लग्न कुठलंही असो, कर्ज काढून करू नका. आणि पोरगी गेली तरी माहेरचं दार उघडं ठेवा.

एवढंच सांगायचं होतं.