महाविद्यालयाचा उंबरठा

बालाघाटाच्या पठारावर, अंबाजोगाई तालुक्यांत, घाटनांदूर हें परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक स्थानक आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे तेथील घराघरांत एकच प्रश्न निघतो: मुलाला कोठें घालावयाचें? कोणी अंबाजोगाईचें नांव काढतो, कोणी लातूरचें. गांवांतच बरें, असें म्हणणारेही असतात. प्रवेश ही वरवर पाहतां एका अर्जाची व एका पावतीची गोष्ट. परंतु त्या पावतीबरोबर विद्यार्थी आणि संस्था यांच्यामध्यें एक करार होत असतो, आणि त्याचीं कलमें बहुधा एकाच पक्षाला ठाऊक असतात.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. उच्च शिक्षण घ्यावयाचें तर येथील मुलाची वाट बहुधा हैदराबादेकडे जाई. तेथें 1918 सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. त्याचें माध्यम उर्दू. घरीं मराठी, शेजारीं तेलुगु किंवा कानडी, आणि गणितापासून इतिहासापर्यंत सारें उर्दूंत, अशी त्या पिढीची कसरत होती. 1938 सालीं त्या विद्यापीठाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनीं मनाई केली. विद्यार्थी हटले नाहींत. तेव्हां त्यांना काढून टाकण्यांत आलें. तें लोण औरंगाबाद, वरंगळ अशा ठिकाणीं पोहोंचलें व शेकडो मुलें ऐन वर्षाच्या मध्यावर शिक्षणाला मुकलीं. अशा मुलांना दुसऱ्या विद्यापीठानें तरी कां घ्यावें? नागपूर विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरु टी. जे. केदार यांनीं तें धैर्य दाखविलें व आपलें दार उघडलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृत विद्यार्थ्यांपैकींच एक. या मुलांना तारलें तें एका माणसाच्या मोठ्या मनानें. असा कुलगुरु दर पिढीला लाभेलच, अशी हमी कोण देणार? म्हणून नियमांची गरज पडते, आणि ते नियम आज लिहिलेले आहेत हें फार थोड्या पालकांना माहीत असतें.

23 ऑगस्ट 1958 रोजीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. 1994 च्या जानेवारींत त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें गेलें. त्याच वर्षीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें दुसरें विद्यापीठ निघालें आणि लातूर त्याच्याकडे गेलें. घाटनांदूर बीड जिल्ह्यांत, म्हणून तें पहिल्या विद्यापीठाच्या कक्षेंत. लातूर शेजारचें खरें, पण एक वर्ष अंबाजोगाईस काढून दुसऱ्या वर्षीं लातूरला जाऊं म्हणणाऱ्या मुलाला विद्यापीठच बदलावें लागतें. त्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागतें, पात्रता पाहिली जाते. अंतर तेंच, गाडी तीच. कागद मात्र वाढतात. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या अर्जाआधींच समजलेली बरी.

अकरावीची तऱ्हा आतां निराळी झाली आहे. मुंबई-पुण्याच्या पालकांना केंद्रीय प्रवेशपद्धतीची संवय पुष्कळ वर्षांची. 2025-26 पासून ती साऱ्या राज्याला लागू झाली. पूर्वीं गांवांतल्या मुलानें शेजारच्या विद्यालयांत जावें, गुणपत्रिका दाखवावी व बाकावर बसावें, इतकें सरळ होतें. आतां संगणकावर अर्ज भरावा लागतो व महाविद्यालयांची पसंती क्रमानें द्यावी लागते. 2025 सालीं ही मर्यादा दहा महाविद्यालयांची होती. त्यांतला एक नियम पुष्कळांना भोंवला. पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें तर तेथें प्रवेश घेतलाच पाहिजे. न घेतल्यास नेहमींच्या पुढील फेऱ्यांतून नांव बाहेर. पहिला क्रमांक सहज म्हणून, मित्रानें लिहिला म्हणून, लिहावयाचा नसतो. ज्या गांवीं एकच विद्यालय आहे तेथें या यंत्राचा उपयोग काय, अशी टीका झाली व ती अगदींच चुकीची नव्हे. तथापि गुणांची यादी सर्वांपुढें उघडी होते, हा तिचा लाभही नाकारतां येत नाहीं.

पदवीच्या वर्गांत पाऊल टाकलें म्हणजे हक्कांचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगानें 2023 सालीं विद्यार्थ्यांच्या तक्रारींविषयीं नवे नियम केले. फी किती, जागा किती, पात्रता कोणती, शिकविणारे कोण, हें सारें संस्थेनें प्रवेश सुरू होण्यापूर्वीं निदान 60 दिवस माहितीपत्रकांत जाहीर केलें पाहिजे. विद्यार्थ्याचे मूळ दाखले संस्थेनें पडताळून परत द्यावयाचे. अडवून ठेवणें ही नियमानें तक्रारीची बाब ठरली आहे. दुसरीकडे जाऊं इच्छिणाऱ्या मुलाला ‘आधीं पुढच्या वर्षांची फी भर, मग दाखला घे’ असें सांगणारा कारकून जेव्हां भेटतो, तेव्हां पालकानें या नियमाचें नांव शांतपणें घ्यावें. आवाज चढविण्याचें कारण नाहीं. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळावी, याचें वेळापत्रकही आयोग जाहीर करतो. मात्र रद्द करण्याचा अर्ज लेखी असावा व त्याची पोंच घ्यावी. तोंडी सांगितलेलें कोणत्याही कचेरींत घडलेलें नसतें.

तक्रार करावयाची कोठें? प्रत्येक संस्थेंत विद्यार्थी तक्रार निवारण समिति असावी लागते व तींत एक विद्यार्थी प्रतिनिधि असतो. तिनें 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा. समाधान न झाल्यास विद्यार्थ्यानें 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जावें. लोकपालानें 30 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावयाचा. 1938 च्या मुलांजवळ यांतलें कांहींच नव्हतें.

कर्तव्यांची बाजू थोडक्यांत सांगतां येते, कारण ती अवघड असली तरी गुंतागुंतीची नाहीं. वर्गांत बसावें. हजेरीची अट बहुतेक ठिकाणीं 75 टक्क्यांची असते व शिष्यवृत्तिही तिच्यावर लटकलेली असते. शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षीं नव्यानें करावा लागतो. एकदां मिळाली म्हणजे ती आपोआप चालू राहते, हा समज शेंकडों घरांना महाग पडतो. आणि नव्या मुलांची छळणूक करूं नये. महाराष्ट्रांत त्यासाठीं 1999 चा कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी ठरल्यास पांच वर्षें दुसऱ्या कोणत्याही संस्थेंत प्रवेश नाहीं. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणें हें संस्थाप्रमुखाचें कर्तव्य आहे. थट्टा म्हणून आरंभिलेली गोष्ट एवढ्यावर जाते.

अमेरिकेंत सामुदायिक महाविद्यालय म्हणून जी संस्था आहे, तेथें शालान्त झालेल्या कोणालाही जवळजवळ मुक्तद्वार असतें. नोकरी सांभाळून दोन वर्षांचा अभ्यास करणारे तेथें पुष्कळ. आपल्याकडे त्या वृत्तीच्या जवळ जाणारें म्हणजे 1989 सालीं नाशिकला स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नव्या शैक्षणिक धोरणानेंही साध्या महाविद्यालयांत तशी एक फट ठेविली आहे. ठरलेले श्रेयांक मिळवून व अटी पुऱ्या करून एका वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी. मिळालेले श्रेयांक पेढींतल्या ठेवीसारखे जमा राहतात आणि मुदतींत परत येतां येतें.

बीड जिल्ह्याला या फटीचें मोल विशेष आहे. दसरा-दिवाळी झाली कीं येथील हजारों कुटुंबें ऊंसतोडीला पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं फाल्गुन-चैत्रांत परततात. प्रवेश जूनमध्यें होतो तेव्हां आईबाप घरीं असतात, आणि परीक्षेचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाच्या वेळीं फडांत असतात. अशा मुलांसाठीं शासनानें 2021 पासून संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना हातीं घेतली आहे. जागा मिळाल्यास मूल कोयत्यामागें न जातां राहूं शकतें. मागण्यासाठीं ऊंसतोड कामगार असल्याची नोंद व ओळखपत्र लागतें, तें निघण्यापूर्वीं काढावें. अर्जांत मोबाइल बापाचा दिलेला असतो. सांकेतिक अंक येतो तो सांगली-बेळगांवकडच्या एखाद्या फडांत, दिवसभर कोयता चालविणाऱ्या माणसाच्या खिशांत. तो संदेश रात्रीं कोणी वाचून दाखवीपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. म्हणून पहिल्या अर्जावरच जो क्रमांक वर्षभर गांवांत राहणार आहे, आजोबांचा किंवा चुलत्याचा, तोच लिहावा.