कमळ आणि कुमुद



जयपूरजवळच्या या बस्सीत, जेथे भरलेले तळे हीच अपूर्वाई, तेथे जलवनस्पतींच्या कुलांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु इंग्रजी ग्रंथात ‘वॉटर लिली’ आली की ‘कमळ’ लिहून पुढे जाण्याचा मोह अनुवादकाला होतो, आणि तो किती महाग पडतो हे मला सांगावयाचे आहे.

लिनीअसने १७५३ मध्ये कमळ आणि कुमुद यांना ‘निम्फिया’ या एकाच वंशात घातले. १७६३ मध्ये अदाँसाँने कमळासाठी ‘नेलुम्बो’ हा वंश वेगळा केला. तरी पुढे दोन शतके बहुतेक ग्रंथांत कमळ कुमुदाच्याच कुलात, निदान त्याच्या शेजारी, राहिले.

वास्तविक भेद डोळ्यांना दिसण्याजोगे होते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व देठापाशी चिरलेले असते. कमळाचे पान ढालीसारखे अखंड, देठ मधोमध, आणि पुष्कळदा पाण्यावर उंच उचललेले. कमळाच्या बिया शंकूसारख्या पुष्पासनाच्या खळग्यांत सुट्या बसतात. कुमुदाचे मऊ फळ पाण्याखाली पिकते. कमळाच्या परागकणाला तीन खाचा असतात, कुमुदाच्या एकच.

१९९३ मध्ये जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा कमळाचे खरे आप्त कळले: काश्मीरचा चिनार आणि चहाच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो सिल्व्हर ओक. १९९८ च्या वर्गीकरणात कमळाचे कुल या वृक्षांच्या गणात गेले. कुमुदाचे कुल मात्र सपुष्प वनस्पतींच्या आरंभीच्या शाखांपैकी एक ठरले. एकाच प्रकारच्या पाण्यात राहिल्याने दोघांना सारखे रूप आले होते, एवढेच.

आपल्या भाषेला हा भेद परका नाही. संस्कृत कवींनी कमळ सूर्याला दिले आणि कुमुद चंद्राला. पुढे व्यवहारात सारेच कमळ झाले. आपण ‘निळे कमळ’ म्हणतो, ते कुमुदाच्या वंशातले. उपवासाचा मखाणा कमळाचे बी समजला जातो. तोही कुमुदाच्याच कुलातील एका काटेरी वनस्पतीचे बी भाजून फुलविलेला असतो.

ग्रंथालयातील पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाते. मूळ लेखकाने दोन कुले वेगळी सांगावीत आणि अनुवादात ती एक व्हावीत, तर विद्यार्थ्याला तळ्याकाठी उभे राहूनही पुस्तकाचा पडताळा येणार नाही. ‘कुमुद’ हा शब्द आपल्यापाशी आहे. ‘वॉटर लिली’साठी तोच लिहावा, ही माझी विनंती आहे.