दारापुढचा रस्ता कोणाचा?



आपल्या वऱ्हाडात पांदणीचे भांडण कोणाला ठाऊक नाही? एकाने धुरा हातभर पुढे सरकवला, दुसऱ्याने काट्या टाकल्या, आणि ऐन पेरणीत मागच्या वावरात बंडी जाईनाशी झाली. पांदण असते साऱ्या गावाची. पण तिच्या काठाला ज्याचे वावर, त्याला ती हळूहळू आपलीच वाटू लागते. शहरात आज हेच भांडण मोटारीवरून उभे राहिले आहे.

तुम्ही म्हणाल, "आमाले शहरातल्या मोटारीचं काय घेनं-देनं?" घेणे-देणे आहे. लेकरांच्या शिक्षणासाठी अमरावतीत नाहीतर अकोल्यात एखादे घर असावे, असे पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात असते. शिक्षक मंडळी तर निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम बहुधा घरातच घालतात. जन्माची कमाई जिथे घालायची, तिथे गाडी कुठे उभी राहणार, हे आधी विचारले पाहिजे.

अमरावतीचे जुने शहर परकोटाच्या आत वसले. जवाहर गेटातून आत गेलात, की बोळ बंडीच्या आणि पायी चालणाऱ्याच्या मापाचे दिसतात. अकोल्याच्या जुन्या शहरातही तेच. घराला घर लागलेले, मग आवार कुठून येणार? नव्या वस्त्यांत आवार असते; पण पुष्कळ ठिकाणी तिथे भाड्याची खोली किंवा दुकान निघते आणि गाडी रस्त्यावर येते. मग दारापुढे कोणी कुंडी ठेवतो, कोणी दगड, कोणी तुटकी खुर्ची. हा झाला शहरातला धुरा!

परदेशांतल्या अनेक शहरांनी यावर रहिवासी परवान्याची तोड काढली. वस्तीत राहणाऱ्याने वर्षाची फी भरायची, परवाना गाडीवर लावायचा, आणि ठरलेल्या वेळात तिथे बाहेरच्याने गाडी उभी करायची नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन परगण्यात कचेऱ्यांत येणारे लोक शेजारच्या घरांपुढे दिवसभर मोटारी लावून जात. परगण्याने परवाने काढले, दावा झाला, आणि १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला.

आपल्या अमरावती-अकोल्यात असा परवाना रूढ झालेला नाही. पण वारे त्याच दिशेचे आहे. पुणे महानगरपालिकेने २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोध एवढा झाला, की सुरुवात पाच रस्त्यांपुरतीच ठरवावी लागली. २०२५ च्या मे महिन्यात राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी सांगितले, की गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करू नये, असे सरकारचे धोरण राहील. जपानने असा कायदा १९६२ सालीच केला. तिथल्या शहरांत घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचे पोलिसांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते, तेव्हा मोटार नावावर होते.

आता असे समजा, की उद्या आपल्या गल्लीत परवाना आला. घराच्या किमतीचे काय होईल?

आधी साधा हिशेब करू. शिक्षक मित्रांनी तो फळ्यावर मुलांकडून करून घ्यावा. शंभर मीटर लांबीची गल्ली. दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर रुंदीची दहा-दहा घरे. रस्ता अरुंद, म्हणून मोटारी एकाच बाजूला. प्रत्येक फाटकापुढे तीन मीटर मोकळे सोडले, तर दर घरापुढे सात मीटर उरतात. तेवढ्यात एकच मोटार बसते. म्हणजे घरे वीस आणि जागा दहा! नगरपालिकेने वीस परवाने दिले, तरी दहा माणसे फी भरूनही चकरा मारतील. कागदाने रस्ता रुंद होत नाही.

किमतीची गोष्टही अशीच. ज्या घराला आवार नाही, पण परवान्याने जागा मिळण्याची बऱ्यापैकी खात्री झाली, त्याची किंमत थोडी चढेल. ज्याने आवार राखले, त्याचा तेवढा तोरा उतरेल. आणि परवान्याची हद्द जिथे संपते, त्या पलीकडच्या गल्लीत हाकललेल्या साऱ्या गाड्या जाऊन उभ्या राहतील. तिथल्या घरधन्याला विनाकारण तोटा. एकाचा फायदा बहुधा दुसऱ्याच्या अंगणातून येतो.

आणखी एक मर्म ध्यानात घ्या. किंमत चढली, तर तिचा लाभ त्या दिवशी ज्याचे घर होते त्याला. नंतर घेणारा ती वाढ आधीच मोजून देतो आणि वर दरसालची फीही भरतो. उद्या नियम बदलला, रस्ता रुंद झाला किंवा परवाना रद्द झाला, तर त्याचे पैसे कोण परत देणार? भाडेकऱ्याचे हाल तर विचारूच नका. घरमालकाची किंमत वाढते आणि याचे भाडे.

म्हणून घर घेताना दलाल म्हणाला, "गाडीची चिंता करू नका, समोर रस्ता रिकामाच आहे," तर तुम्ही मिळकत पत्रिका मागा. तो रस्ता तिच्यात तुमच्या नावाने निघणार नाही. पांदण तरी कुणाच्या मालकीची होते काय? फ्लॅट घेत असाल, तर पार्किंगची जागा करारात आणि नकाशात लिहून घ्या. इमारतीच्या खांबांखालची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईच्या एका प्रकरणात दिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने खुले पार्किंग सामाईक जागेत धरले आहे. त्यामुळे त्या खुल्या जागेचे निराळे पैसे कोणी मागितले, तर सावध व्हा. आणि स्वतः बांधत असाल, तर आवारात मोटारीपुरती अडीच मीटर बाय पाच मीटर जागा सोडा. खोलीचे भाडे आज गोड लागते, पण विकायच्या दिवशी ती जागाच तुमची बाजू मांडेल.

आता नाण्याची दुसरी बाजू. आज आपण घरधनी म्हणून विचार केला. उद्या आपण पाहुणे असू. बाप आजारी पडला, रात्री गावाहून गाडी करून अकोल्याला आणला, दवाखान्याजवळची प्रत्येक गल्ली परवान्याची. मग गाडी कुठे लावायची? कोर्टाच्या तारखेला, लेकीच्या कॉलेजात प्रवेशाच्या दिवशी, बियाणे घ्यायला आपण शहरात बाहेरचेच असतो. म्हणून परवाना यायचा तर त्यात पाहुण्याला थोडा वेळ, रोग्याच्या गाडीला सवलत आणि बाजाराजवळ सार्वजनिक वाहनतळ असलाच पाहिजे. परवाने जागा मोजून द्यावेत. फीचा पैसा त्याच वस्तीच्या पायवाटेवर आणि दिव्यांवर खर्च व्हावा. योजनेवर हरकती मागवल्या, तर घरमालकाने आपली हरकत लिहून द्यावी आणि खेड्यातल्या माणसानेही द्यावी. रस्ता दोघांचाही आहे.

मंडळी, घर आपले असते, आवार आपले असते. दारापुढचा रस्ता मात्र आपल्याला वापरायला मिळालेला असतो. वापरायला मिळालेल्या वस्तूच्या भरवशावर जन्माची पुंजी लावू नये. आणि आपली बंडी निघाली म्हणून मागच्याची वाट काट्यांनी अडवू नये. पांदणीचा हा धडा शहराने आपल्याकडून घेण्यासारखा आहे.