औषधाची साक्ष औषधाकडूनच

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



रुग्णालयात येणारा मनुष्य डॉक्टरांवर विश्वास ठेवतो आणि डॉक्टर औषधाच्या वेष्टनावरील मजकुरावर. परंतु त्या मजकुरात लिहिलेलेच द्रव्य बाटलीत आहे, याची खात्री डोळ्यांना करता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. औषध ओळखण्याचे एक समर्थ साधन आज टेबलावर मावेल इतके लहान झाले आहे. त्याचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा आज आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

या साधनाचे तत्त्व अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांना या शोधाबद्दल १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या परिचयाचे एमआरआय यंत्रही याच तत्त्वावर चालते. ‘अणुकेंद्रीय’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. यात किरणोत्सर्ग नसतो. हायड्रोजनची अणुकेंद्रे चिमुकल्या चुंबकांसारखी वागतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर ढळविले, की ती स्वतःचा संकेत देतात. रेणूत शेजारी कोण आहे त्यानुसार हा संकेत बदलतो. म्हणून प्रत्येक औषधाचा वर्णपट हा त्याच्या बोटांच्या ठशासारखा असतो.

या पद्धतीचे मोल २००८ साली जगाला पटले. अमेरिकेत डायलिसिसच्या रुग्णांना हेपॅरिन दिल्यानंतर तीव्र प्रतिक्रिया होऊ लागल्या; काहींचा मृत्यू झाला. नेहमीच्या चाचण्यांत ते हेपॅरिन निर्दोष ठरले होते, कारण त्यातील भेसळ हेपॅरिनसारखीच वागत होती. एनएमआरच्या वर्णपटात मात्र एक परकी रेषा उमटली आणि अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ उघडकीस आली.

असे काम करणाऱ्या मोठ्या यंत्रांना द्रवरूप हेलियमने थंड राखलेले चुंबक लागतात. लहान यंत्रात साधे स्थायी चुंबक असतात, हेलियम लागत नाही. परंतु या सोयीची किंमत मोजावी लागते. १.४ टेस्लाच्या क्षेत्रात सामान्य तापमानाला दर दहा लाख हायड्रोजन केंद्रांमागे जेमतेम पाच केंद्रांचे आधिक्य संकेतास उपयोगी पडते. उरलेली एकमेकांना निष्प्रभ करतात. शिवाय रेषा एकमेकींवर चढतात. गोळीतील औषध ओळखण्यास एवढा संकेत बहुधा पुरतो. रक्तातील औषधासाठी तो अपुरा पडतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिडचेच पाहा. नेहमीच्या मात्रेनंतर रक्तात त्याचे प्रमाण शिखरावर असतानाही दर मिलिलिटरला सुमारे ३ ते ६ मायक्रोग्रॅम अपेक्षित असते. काहींचे शरीर हे औषध झपाट्याने निकामी करते, काहींचे सावकाश. एकाला मात्रा अपुरी पडते, दुसऱ्याला तीच बाधते.

हा क्षीण संकेत वाढविण्याचे उपाय निघाले आहेत. त्यांपैकी एक इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यास ‘सेबर’ म्हणतात. हायड्रोजन वायू अतिशय थंड करून उत्प्रेरकावरून नेला, की तो ‘पॅराहायड्रोजन’ या सुव्यवस्थित रूपात येतो. हा वायू आणि औषधाचा रेणू इरिडियमच्या संयुगावर क्षणभर एकत्र येतात. वायूतील सुव्यवस्था औषधाच्या केंद्रांकडे जाते आणि औषध न बदलता सुटे होते. संकेत शेकडो, कधी हजारो पटींनी वाढतो. क्षयरोगावरील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड या दोन्ही औषधांवर हा प्रयोग यशस्वी झाला आहे.

तथापि अतिरेकी आशा बाळगू नये. इरिडियमशी जुळणारी रचना नसलेल्या औषधांना हा उपाय सरळ लागू पडत नाही. वाढलेला संकेत काही सेकंदांतच ओसरू लागतो. रक्तातील प्रथिने प्रक्रियेत अडथळा आणतात, म्हणून नमुना आधी शुद्ध करावा लागतो. शिवाय प्रत्येक रेणूचा संकेत सारख्याच पटीने वाढत नाही. त्यामुळे औषध ‘आहे’ हे सांगणे सोपे, ‘किती आहे’ हे सांगणे कठीण. आणि रुग्णाची मात्रा तर ‘किती’ यावरच ठरते. रक्ततपासणीसाठी ही पद्धत आज संशोधनाच्याच पायरीवर आहे.

म्हणून देणगीदारांना माझी नम्र विनंती अशी, की केवळ नावीन्यापोटी यंत्र देऊ नये. यंत्राआधी ते चालविणारा प्रशिक्षित रसायनज्ञ हवा आणि खात्रीच्या औषधांच्या वर्णपटांचा संग्रह हवा. त्याहीआधी, प्रत्येक खेपेच्या औषधाचा क्रमांक नोंदवून त्याचा नमुना जपण्याची शिस्त हवी. शंका आली तर तोच नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविता येतो. ग्लिसरॉलमधील विष ओळखण्याच्या रासायनिक चाचण्या उपलब्ध आहेत. परंतु चाचणी केलीच नाही, तर उत्तमातील उत्तम साधनही रुग्णाला वाचवू शकत नाही.

औषध स्वतःची साक्ष देण्यास सदैव सिद्ध असते. ती वेळेवर विचारण्याची जबाबदारी आपली, विश्वस्तांची आणि वैद्यांची आहे. रुग्णांच्या आप्तांनीही ‘हे औषध तपासले आहे का?’ असे निःसंकोच विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.