पैसा घ्या, किल्ली देऊ नका



तुमच्यापैकी अनेकांनी लिब्रेऑफिस वापरलं असेल. ते फुकट आहे, मराठीतही आहे. त्याचा जन्म मात्र एका ताटातुटीतून झाला. आधी ओपनऑफिस होतं. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी त्याला पैसा आणि पगारी माणसं पुरवायची. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. कार्यकर्त्यांचा भरवसा उडाला. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं. लायसन्स मुक्त होतं म्हणून कोड सोबत नेता आला, नाव मात्र ओरॅकलकडेच राहिलं.

मग कंपन्या नकोतच का? तसं नाही. ओपनएसएसएल असंख्य वेबसाइटचं कुलूप आहे, पण ते सांभाळणारे मोजकेच होते. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड ही चूक सापडली, तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत पैसा दिला.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीत मी एका मुक्त लायब्ररीतला बग दुरुस्त केला. वरिष्ठ म्हणाले, "बाहेर पाठवू नको." मी गप्प बसलो. लायब्ररीची पुढची आवृत्ती आली आणि तीच दुरुस्ती मला पुन्हा करावी लागली. आपण फक्त घेत राहिलो, तर नुकसान आपलंही होतं.

म्हणून कुठल्याही प्रकल्पात शिरताना तीन गोष्टी विचारा: लायसन्स कोणतं? नाव कोणाच्या मालकीचं? निर्णय कोण घेतं? उत्तरं पटली तर कंपनीचा पैसा आनंदाने घ्या. आणि वाट बघू नका. लिब्रेऑफिसच्या मराठी भाषांतरापासूनही सुरुवात करता येते, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही.