सोमवारची पारध



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांच्या मनात बोनस, महागाई-भत्ता असे काहीतरी असावे. आम्ही 'हरणाची आणि टर्कीची शिकार' असे कळवले. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी एक चिटणीस घरी आले आणि चहा घेता घेता हळूच विचारून गेले, "प्रकृती बरी आहे ना?" प्रकृती उत्तम आहे. विषयही आमचाच आहे, हे तासाभरात आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे असे आमचे मत आहे. तेव्हा येथून उठून कोणी बंदुकीचे दुकान शोधू नये. आम्ही सांगणार आहोत ते अमेरिकेतले आणि तेही मुख्यतः पेनसिल्व्हेनिया राज्यातले.

२०१७ च्या नोव्हेंबरात संघटनेच्या कामासाठी आम्ही पिट्सबर्गच्या बाजूला गेलो होतो. उतरलो होतो एका निवृत्त पोलाद-कामगाराच्या घरी. आमचे इंग्रजी कामगार-कायद्याच्या पुस्तकांवर पोसलेले, त्यामुळे न्याहारीच्या टेबलावरही आमच्या तोंडून कलमे आणि पोटकलमेच बाहेर पडत. २७ तारखेच्या सोमवारी स्थानिक कार्यकर्त्यांची सभा ठेवावी असे आम्ही सुचवले. सगळे हसू लागले. यजमान म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या सभेला हरणे तेवढी येतील."

तो सोमवार म्हणजे थँक्सगिव्हिंग सणानंतरचा पहिला सोमवार. रायफलने हरीण मारण्याचा हंगाम त्या दिवशी उघडे. १९६३ पासून २०१८ पर्यंत हा रिवाज चालला. २०१९ पासून सुरुवात शनिवारवर नेली आहे. त्या सोमवारी खेड्यापाड्यांतल्या शाळांना सुटी असे. कारखान्यांतही त्या दिवशी हजेरी मागण्यात अर्थ नाही हे मुकादमाला ठाऊक असे. मिशिगन राज्यात १५ नोव्हेंबरला असेच होते. रविवारचे मात्र उलटे. रविवारी शिकार करू नये असा तिथे जुना धर्मबुद्धीचा कायदा होता. म्हणजे आठवडाभर भट्टीपुढे राबणाऱ्याला जो एक दिवस मोकळा, तोच नेमका बंद! २०१९ च्या कायद्याने तीन रविवार मोकळे झाले, आणि उरलेली मनाई उठायला २०२५ साल उजाडावे लागले.

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मचाण, हत्ती, हाकारे घालणारी गावची शेदोनशे माणसे, आणि मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे राहिलेले महाराज किंवा साहेब. हाकाऱ्यांतला एखादा जायबंदी झाला तर त्याचे नाव फोटोखाली नसायचे. हे चित्र मनात घेऊन आम्ही यजमानांबरोबर पहाटे चार वाजता निघालो. पाहतो तो रस्त्याकडेच्या खाणावळीत पाय ठेवायला जागा नाही! वेल्डर, ट्रक-ड्रायव्हर, शाळेतल्या बाई, बापाबरोबर आलेली बारा-तेरा वर्षांची मुले. सगळ्यांच्या अंगावर झगझगीत नारिंगी जाकिटे. डोके, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच नारिंगी रंग दिसला पाहिजे असा तिथे नियम. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र दिसतो. आम्हांलाही एक जाकीट चढवण्यात आले. आमचा नऊवारी देह त्यात कसाबसा मावला.

ही हरणे कोणाची? आम्ही पहिला प्रश्न हाच केला. जुन्या इंग्लंडात हरीण राजाचे आणि जमीनदाराचे. अमेरिकेने तो हिशेब मोडला. रानातले जनावर जमिनीच्या मालकाचेही नाही, ते राज्यातल्या सर्व लोकांचे, असा तिथला कायदा आहे. पण लोकांचे म्हणजे कोणाचेच नाही, असा अर्थ व्यापाऱ्यांनी काढला. एकोणिसाव्या शतकात मांस आणि कातडी विकण्यासाठी इतकी कत्तल झाली, की १९०० च्या सुमारास सबंध देशात पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आत उरली. आकाश झाकणारे प्रवासी कबुतर तर नामशेषच झाले. त्यातले शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. पेनसिल्व्हेनियावर १९०६ साली मिशिगनहून हरणे विकत आणून सोडण्याची पाळी आली. मग बाजार बंद केला. रानातल्या हरणाचे मांस विकता येत नाही. खावे किंवा वाटावे. १९३७ साली एक कायदा झाला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा रानासाठी राखून ठेवण्यात आला. १९७२ मध्ये धनुष्यबाणही त्या करात आले. आज तिथे हरणे तीन कोटींच्या घरात आहेत. परवान्याच्या पैशातून पेनसिल्व्हेनियाने सुमारे पंधरा लाख एकर रान घेतले आहे आणि ते सर्वांना खुले आहे. आमच्या यजमानांचा वर्षाचा परवाना एकवीस डॉलरांच्या आत होता.

इथवर ऐकून आम्ही खूश झालो. म्हटले, समाजवाद शेवटी सापडला तो हरणांत! पण संघटनेचे काम करणाऱ्याला कागद उलटून पाहायची खोड असते. याच राज्याने १९०९ साली एक कायदा केला होता. परदेशात जन्मलेल्या आणि नागरिकत्व न मिळालेल्या रहिवाशाने रानातला पशुपक्षी मारायचा नाही. एवढेच नव्हे, तर त्यासाठी घरात बंदूक किंवा रायफलही ठेवायची नाही. दंड पंचवीस डॉलर आणि हत्यार जप्त. हे परदेशी कोण? खाणींत आणि भट्ट्यांवर मरमर काम करणारे इटालियन, स्लाव्ह, हंगेरियन. पॅट्सोन नावाचा एक इटालियन त्यात सापडला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९१४ साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स. या होम्ससाहेबांचे नाव कामगार-कायद्याच्या पुस्तकांत आम्ही मोठ्या आदराने वाचले होते, म्हणून ती रात्र जरा जडच गेली.

आपल्याकडे हे निराळ्या वेषात घडले आहे. राजेलोकांनी वाघ मारले तो पराक्रम झाला. फासेपारध्याने तितर धरला आणि इंग्रजाने त्याची सबंध जमातच गुन्हेगार म्हणून नोंदली. तो कायदा १९५२ मध्ये देशभरातून गेला. नजर अजून गेलेली नाही. शिकारीचा कायदा 'कोण मारतो' असे विचारू लागला की तो गरिबावर उलटतो. त्याने 'कसे मारतो' असे विचारावे. ते 'कसे' आम्ही यजमानांकडून शिकलो, म्हणून आता थोडे हत्यारांविषयी.

रायफल घेताना नवखा माणूस सर्वांत मोठ्या काडतुसावर बोट ठेवतो. यजमानांच्या मते पहिली चूक ती. धक्का जबर बसला की माणूस चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतो, आणि ती सवय जन्मभर जात नाही. त्यांच्या हातात वडिलांची थर्टी-थर्टी होती, लिव्हर ओढून काडतूस भरायची, १८९५ च्या सुमारास निघालेल्या जातीची. दाट झाडीत दीडशे यार्डांपर्यंत ती पुरते. उघड्या शेतांच्या बाजूला बसायचे तर थर्टी-ओ-सिक्स किंवा थ्री-ओ-एट बरी. थर्टी-ओ-सिक्सचा नेम दोनशे यार्डांवर बसवला, तर शंभरावर गोळी दीड-दोन इंच वर लागते आणि तीनशेवर सात-आठ इंच खाली जाते. हे आकडे पुस्तकातून घेऊन भागत नाही. आपल्या रायफलीतून, आपल्या काडतुसांनी, हंगामापूर्वी कागदावर मारून पाहायचे. दुर्बीण गाडीत आपटली असेल तर पुन्हा मारून पाहायचे. हरीण आडवे उभे असेल किंवा जरा पाठमोरे तिरके असेल, तेव्हा खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरायचा. तिथे हृदय आणि फुप्फुसे असतात. डोक्यावर मारायचे नाही, आणि पळत्या हरणाच्या मागच्या अंगावर तर कधीच नाही. अलीकडे पुष्कळजण शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरतात, कारण शिशाचे कण मांसात राहतात. हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग' नावाचा रोगही पसरला आहे. तो असलेल्या भागात मांस तपासून घेतल्याशिवाय खाऊ नये.

नऊच्या सुमारास पहिला नर दिसला. टेकडीच्या माथ्यावर, आभाळाला टेकून उभा. चांगला शिंगाळ, अंतर शंभर यार्डही नसेल. यजमानांनी रायफल उचलली, पाहिले आणि खाली ठेवली. हरीण निघून गेले. आमचा जीव चडफडला. विचारले, का हो? ते म्हणाले, "त्याच्या मागे आभाळ होते. चुकली असती तर गोळी कुठे गेली असती?" टेकडीपलीकडे काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हते. कदाचित काहीच नसेल. नारिंगी जाकिटातला एखादा पोरगा असेल.

धनुष्याची गोष्ट वेगळी, आणि ती एका अनाथाने सुरू होते. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीचा एक माणूस उपाशीपोटी वस्तीत आला. त्याची सारी जमात गोऱ्यांनी मारून संपवली होती. पोलिसांनी त्याला आधी तुरुंगात ठेवले, मग विद्यापीठाच्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेले. लोक त्याला इशी म्हणत. स्वतःचे नाव त्याने कधी सांगितले नाही. सॅक्सटन पोप नावाच्या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकून घेतले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला, आणि पोपने १९२३ मध्ये काढलेल्या पुस्तकावर अमेरिकेतली धनुष्याची शिकार उभी राहिली. ज्यांना संपवले त्यांचीच विद्या! असो.

आज दिसते ते कप्प्यांचे धनुष्य. त्याचे पेटंट मिसुरीच्या अॅलन नावाच्या माणसाला १९६९ मध्ये मिळाले. दोन टोकांना लंबगोल कप्प्या असतात. ओढताना साठ पौंड जोर लागला, तरी पूर्ण ओढल्यावर हातावर बारा-पंधरा पौंडच राहतात, म्हणून नेम धरून थांबता येते. हरणासाठी चाळीस-पन्नास पौंड पुष्कळ झाले. बसल्या जागी, दोरी वर न उचलता, सरळ मागे ओढता येत नसेल तर धनुष्य तुम्हांला जड आहे. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. तो कापतो. म्हणून पाते दाढीच्या ब्लेडइतके धारदार हवे. आणि अंतर? नवख्याला वीस यार्ड, मुरलेल्याला तीस. का, ते आम्ही कागदावर मांडून पाहिले. बाण सेकंदाला २८० फूट जातो असे धरा. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. त्याला लागतो सेकंदाचा तिसरा हिस्सा. दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांनी जातो, म्हणजे तो बाणाच्या चौपट वेगाने हरणाच्या कानी पोचलेला असतो. हरीण दचकून खाली दबते आणि बाण वरून जातो, किंवा त्याहून वाईट, नको तिथे लागतो. बाण लागल्यावर धावत सुटायचे नाही. अर्धा तास बसून राहायचे. रक्त लाल आणि फेसाळ असेल तर फुप्फुसे, गडद असेल तर यकृत. हिरवट घाण दिसली तर पोटात लागले आहे; मग सहा-आठ तास थांबायचे, नाहीतर जखमी जनावर मैलभर पळते आणि कोणाच्याच हाती लागत नाही.

टर्कीविषयी थोडक्यात. हा पक्षी आपल्याला अगदीच परका नाही. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे नवलाईचे पक्षी आणले त्यांत एक टर्की होता. उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले, ते आज लंडनच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या रानात तोही संपत आला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. मग जाळ्यात धरलेले रानटी पक्षीच इकडून तिकडे नेले तेव्हा रान भरले. वसंतात फक्त दाढीवाल्या पक्ष्यांना मारण्याची मुभा असते, आणि पेनसिल्व्हेनियात हंगामाच्या पहिल्या भागात दुपारी बारापर्यंतच, म्हणजे अंड्यांवरची मादी उठत नाही. हत्यार छऱ्यांची बंदूक, नेम डोक्या-मानेवर, अंतर चाळीस यार्डांच्या आत. मादीचा आवाज काढून नराला बोलवायचे. हरणाला नाक आहे, टर्कीला डोळे. पापणी हलली तरी तो गेला. अंगावर लाल, पांढरे, निळे काही नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच, आणि आपणच कोणाच्या तरी नेमात यायचे. पाठीशी खांद्यांहून रुंद झाड घ्यायचे. दुसरीकडून हाक ऐकू आली तर तिच्या मागावर जायचे नाही. ती हाक माणसाची असू शकते.

एक गोष्ट मात्र आमच्या धंद्यातली. बरेच शिकारी झाडावर लोखंडी बैठक बांधून बसतात, आणि या छंदात हातपाय मोडतात ते पुष्कळसे तिथून पडून. यजमानांनी आम्हांला आधी पट्टा बांधायला लावला. चढताना दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, तीन ठिकाणी पकड सुटता कामा नये. रायफल रिकामी करून मागाहून दोरीने वर घ्यायची. आमच्याकडे परातीवर चढणाऱ्या रंगाऱ्याला हा पट्टा मिळावा म्हणून आम्ही तीन वर्षे भांडलो. मालकाने शेवटी दिला, तो कपाटात कुलूप लावून ठेवला.

दुपारी दोनच्या पुढे एक नर ओढ्याकाठी आला. मागे मातीचा चढ होता. एकच बार झाला. यजमानांनी घड्याळ पाहिले आणि अर्धा तास काही बोलले नाहीत. हरीण साठ पावलांवर पडलेले होते. त्यांनी आधी परवान्याची चिठ्ठी पेनाने भरून कानाला बांधली, आणि मग सुरी काढली. आम्ही जन्मभर मटण खात आलो, पण त्या वाफेसमोर उभे राहणे सोपे गेले नाही. त्यांनी ते पाहिले आणि आमच्या हाती एक पाय धरायला दिला.

रात्री तळघरात मांसाच्या पुड्या बांधताना ते बोलले. १९८६ साली होमस्टेडचा कारखाना बंद झाला. पुढच्या दोन हिवाळ्यांत हप्ते थकले, गाडी गेली, पण या फ्रीजरने घर जगवले. शेजारी ज्याला नेम साधत नव्हता त्याच्या फ्रीजरमध्येही अर्धे हरीण असे, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आम्हांला १९८२ च्या संपातली आमची चाळ आठवली. आमचे वडील तेव्हा गिरणीत होते. गावाकडून भाऊबंद तांदळाचे गाठोडे पाठवीत, ते आई सहा घरांत वाटून घेई. त्यांना आम्ही ते सांगितले.

एका कोपऱ्यात त्यांनी दहा-बारा पुड्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या राज्यात १९९१ पासून शिकाऱ्यांचे मांस गरजूंच्या अन्नछत्रांना पोचवण्याची व्यवस्था आहे, त्यासाठी. सकाळी त्या गाडीत घालून आम्ही दोघे पोचवून आलो, आणि सभा मंगळवारी संध्याकाळी झाली. हजेरी चांगली होती.